कपाटाबाहेरचं पोकलेन

टॉवेलच्या कारखान्याच्या मालकाने मला फसवलं. माझ्याच घरात, माझ्याच मुलाच्या हातून, मी गावाला गेलेलो असताना.

त्याने नेलं ते वीतभर लांबीचं पोकलेन. पोकलेन म्हणजे चेनवर चालणारं, लांब हाताने माती उपसणारं मशीन. हे त्याचं हुबेहूब लहान मॉडेल होतं, धुळीने माखलेलं, एका बाजूची चेन गंजलेलं. आमच्या ओळखीतले लोक म्हणतात, एवढ्याशा खेळण्यावरून केस पिकलेली माणसं एकमेकांचं तोंड बघायची बंद होतात का? होतात. मी झालो. आणि मी भांडकुदळ आहे, घासाघीस करणारा आहे, चिंगूस आहे, असं तो बाहेर सांगत फिरतो म्हणून मला हे लिहून काढावं लागतंय. घासाघीस करतो हे खरं आहे. ती मी कुठे शिकलो तेही सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

माझे वडील सांगोल्याच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांची दलाली करायचे. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात टॉवेलाखाली जातो, बोटं धरून आकडा सांगितला जातो, आणि बाजूला उभ्या असलेल्यांना फक्त टॉवेल हललेला दिसतो. मूठ मिटली तर विकायचं नाही. पंजात पंजा दिला तर सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरायचं नाही. वडिलांची जीभ कडू होती, पण बाजारात त्यांचा शब्द चालायचा, आणि तो का चालायचा ते मी लहानपणी बघितलेलं आहे. एखादा पोरगा किंवा एखादी बाई एकटीच जनावर घेऊन आली, तर वडील टॉवेल खांद्यावरून काढायचेच नाहीत. आधी विचारायचे, "घरी इचारलंस का?"

समोरचा चाचरला की म्हणायचे, "जा, इचारून ये. जनावर कुटं पळून जात न्हाय."

हा चांगुलपणा नव्हता. वडील फार चांगले वगैरे नव्हते. पण घरातल्या लाडक्या शेळीचा सौदा रागाच्या भरात कुणीतरी करून टाकतं, आणि दिवेलागणीला चुलता काठी घेऊन दारात येतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. सांगोल्याच्या बाजारातला हलक्यातला हलका दलालसुद्धा हा प्रश्न विचारल्याशिवाय हात पुढे करत नसे.

मी दलाल झालो नाही. दुष्काळात शेळ्याच उरल्या नाहीत. मी एका पोकलेनवर क्लीनर म्हणून लागलो. ग्रीस मारायचं, डिझेलचे कॅन उचलायचे, ऑपरेटरच्या शिव्या खायच्या. मग ऑपरेटर झालो. मग एका खाणीवर उन्हात मरून पडलेलं जुनं मशीन दिसलं. खाणमालकाशी आठवडाभर रोज जाऊन भांडलो आणि ते घेतलं. माझं पहिलं मशीन. डाळिंबाच्या बागांसाठी शेततळी खोदली, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला पाण्याच्या मोटारींसाठी चर काढले, विहिरींचे गाळ उपसले. बायको माझ्याबरोबर साइटवर असायची. मुरमाच्या ढिगाच्या सावलीला तीन दगडांची चूल मांडायची.

त्या मशीनच्या केबिनमधली सीट फाटून आतल्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. मी पोतं टाकून बसायचो. एक दिवस बायकोने तिचं जुनं इरकल लुगडं फाडलं, गर्द हिरवं, तांबड्या काठाचं, आणि सीटला खोळ शिवली. काठ बरोबर पाठीच्या जागी आणला होता.

"सीट लई मऊ झालीय," ती म्हणाली. "झोपू नका म्हंजी झालं."

"झोपलो तर?"

"तर तळं व्हईल कुटं आन् तुमी असशीला कुटं."

त्या खोळीवर बसून मी पुढची सगळी वर्षं काढली. हिरवा रंग उडाला, काठ मात्र टिकला. दगड उडून केबिनची खालची काच फुटली, तिथे पत्रा ठोकला. बकेट फाटली, तिला ठिगळाचं वेल्डिंग केलं. एका बाजूची चेन गेली, तिथे दुसऱ्या मशीनची गंजकी चेन चढवली. पुढे कामं वाढली, नवीन मशीनं आली, सोलापुरात घर झालं, मुलगा इंग्रजी शाळेत गेला. जुनं मशीन भंगारात द्यायचं ठरलं. भंगारवाला न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी बायको रिक्षा करून एकटीच साइटवर गेली, केबिनमध्ये चढली, सीटची खोळ उसवून घेतली आणि घरी आणून धुऊन ठेवली. मला एका शब्दाने बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मग माझी पाठ गेली. मणक्यातल्या चकत्या झिजल्या. डॉक्टर म्हणाले, आता केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही. मशीनं विकली. घरी बसलो आणि घरातल्यांना नको-नको केलं. तेव्हा पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलाने एक डबा आणून दिला. आत ओतीव धातूचं छोटं लोडर होतं. प्रत्यक्ष मशीनच्या पन्नासाव्या भागाएवढं, पण पिन पिन जागच्या जागी. त्या दिवसापासून मला नाद लागला. नाद त्यानेच लावला, आणि पोकलेनही त्याच्याच हातून गेलं. पण त्याचा यात दोष नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

हा नाद असलेले आम्ही चार-पाच जण सोलापुरात होतो. रविवारी सकाळी जमायचो, ते या टॉवेलवाल्या शेठच्या कारखान्याच्या अंगणात. त्याच्याकडे मोठी मोठी मशीनं परदेशातून डब्यात यायची. क्रेन, डंपर, रोलर, काय हवं ते. उभ्या आयुष्यात त्याने खऱ्या मशीनचा लिव्हर हातात धरलेला नव्हता. मला तो "ऑपरेटर" म्हणायचा. सुरुवातीला मला ते गोड वाटलं. नंतर लक्षात आलं की टायरच्या दुकानवाल्याला तो "साहेब" म्हणतो आणि शाळेतून निवृत्त झालेल्यांना "सर", ऑपरेटर मी एकटाच.

पण मोडलेलं मशीन माझ्याकडेच यायचं. जुन्या ओतीव धातूला आतून कीड लागल्यासारखे तडे जातात. बूम मधोमध मोडतो, पिना गळून पडतात. मी छत्रीच्या तारेच्या पिना करायचो. जुन्या इयरफोनच्या वायरीचे हायड्रॉलिक पाइप. मागाच्या फणीतली मोडकी पोलादी पाती शेठच्या भंगारातून उचलायची आणि त्यातून बकेटचे दात कापायचे. शेठ भिंगातून बघायचा आणि म्हणायचा, "ऑपरेटर, हात आहे की काय आहे तुमचा!" हे बोलण्यात तो सढळ होता.

आम्ही विकत-घेत काही नव्हतो, अदलाबदल करायचो. माझी दोन घ्या, तुमचं एक द्या. त्यात दर वेळी बाचाबाची व्हायची, म्हणून मीच वडिलांची पद्धत आणली. शेठच्याच कारखान्यातला टॉवेल घ्यायचा, त्याखाली हात घालायचा. बोटं म्हणजे किती मशीनं. मूठ म्हणजे द्यायचं नाही. पंजात पंजा म्हणजे झालं. लोकांना ते भलतंच आवडलं. आणि टॉवेलाच्या आधी विचारायचा प्रश्नही मीच त्यांना सांगितला होता, वडिलांच्या आवाजात, नक्कल करून. शेठ हसून हसून डोळे पुसत होता. नंतर कुणी नवीन माणूस आला की तोच ती गोष्ट सांगायचा. "ऑपरेटरचे वडील टॉवेल काढायच्या आधी काय विचारायचे माहीत आहे का?" आणि नक्कल करायचा, माझ्यापेक्षा बरी.

आता त्या पोकलेनचं.

एका रविवारी शेठने कुठल्याशा सौद्यात एक मोडकं पोकलेन मला वरकड म्हणून दिलं. भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकते तसं. बकेट नाही, केबिनची काच नाही, रंग पोपडे धरलेला. "हे पण न्या ऑपरेटर, माझ्याकडे कचऱ्यातच जाणार."

घरी आणून टेबलावर ठेवलं तर बायको मागे येऊन उभी राहिली. ती सहसा माझ्या टेबलापाशी यायची नाही, रंगाच्या वासाने तिचं डोकं दुखायचं. बराच वेळ बघून म्हणाली, "हे आपलंच मशीन हाय की."

तेव्हा मी ते आमचं करायला घेतलं. पहिल्यांदा पिवळा रंग मारला तर ती म्हणाली, "लई नवं दिसतंय. आपलं असं न्हवतं. आपलं भाजल्यालं हुतं." रंग उन्हात ठेवून, पॉलिश पेपरने घासून, चहाच्या पाण्याचे हात देऊन भाजल्यासारखा केला. बकेटला ठिगळ लावायला बसलो तर म्हणाली, "उजवीकडं न्हाय, डावीकडं हुतं."

"मी चालवलंय का तू?"

"तुमी आत बसून चालवलंय. मी समोर बसून बघितलंय."

दोन दिवस भांडलो. मग एका जुन्या साइटवरचा फोटो सापडला. डावीकडे होतं.

माती मी सांगोल्याहून आणली. आमच्या पहिल्या शेततळ्याच्या बांधावरचा मुरूम, फडक्यातून गाळून, सरसाच्या पाण्यातून चेनवर आणि बकेटवर बसवला. खालच्या काचेच्या जागी बामच्या डबीचा पत्रा कापून लावला. आणि शेवटी तिने ती जुनी खोळ काढली. खऱ्या मशीनच्या सीटवरची. तिच्या काठातून बोटाच्या नखाएवढा तुकडा कापला आणि त्याची छोटी खोळ शिवायला बसली.

तेव्हा तिचा आजार बाहेर पडलेला होता. हात थरथरायचा. भिंग मी धरायचो आणि ती सुई. दुपारच्या उजेडात खिडकीपाशी बसायची, दोन टाके घालायची, डोळे मिटून पडायची. कितीतरी दुपारी गेल्या. मी म्हटलं, "मी चिकटवतो की गमाने." तर सुई माझ्याकडे रोखून म्हणाली, "गमाची सीट आसती का कुटं?" शेवटचा टाका झाल्यावर गाठीचा दोरा जरा लांब राहिला. मी कात्री उचलली. "ऱ्हाऊ द्या तसाच," म्हणाली.

तिच्या हातचं शेवटचं काम ते. त्यानंतर तिने सुई धरली नाही, आणि थोड्या महिन्यांनी ती गेली. उरलेली खोळ तिने वाकळ शिवणाऱ्या बाईकडे देऊन एका वाकळेत घालून घेतली होती. ती वाकळ तिच्या अंगावर होती, आणि आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. तेव्हा त्या खोळीचा जगात उरलेला तुकडा म्हणजे केबिनमधली ती सीट.

माझी बाकीची मशीनं काचेच्या कपाटात असतात. हे एकच बाहेर, टीव्हीच्या शेजारी, उघड्यावर. खरं मशीन कधी झाकलेलं नव्हतं, तर हे का झाकू? कामवाल्या बाईला सांगितलेलं होतं, तिथे फडकं मारायचं नाही. त्यामुळे बघणाऱ्याला काय वाटणार? चांगली मशीनं कपाटात, कुलपात, आणि बाहेर एक मळकं, मोडकं. माझ्या मुलाला तेच वाटलं. शिवणकाम चालू होतं तेव्हा तो पुण्यात होता, मग आईच्या दवाखान्याच्या धावपळीत. सीटकडे बघायला त्याला कुणी सांगितलं नाही. मी सांगायला पाहिजे होतं म्हणाल, तर आम्ही बापलेक असं काही एकमेकांना सांगणाऱ्यातले नाही.

पण शेठला माहीत होतं.

तिचं दिवसपाणी झाल्यावर मी ते मशीन एकदाच अंगणात नेलं होतं. केबिनचं छत उघडून त्याला सीट दाखवली होती. त्याने भिंग लावून बघितली. "काय टाके आहेत हो! कुणी केलं?"

"घरच्यांनी," मी म्हणालो.

त्याने भिंग खाली ठेवलं. तिच्या मातीला आलेला माणूस होता तो. मग जरा वेळाने टॉवेल पुढे केला. मला वाटलं थट्टा करतोय. खाली हात घातला, त्याने माझी पाचही बोटं धरली. पाच मशीनं द्यायला तयार होता, त्याच्या परदेशी मशीनांतली. मी मूठ मिटली. पुढच्या कितीतरी रविवारी त्याने ते मशीन टॉवेलाखाली मागितलं, आणि प्रत्येक वेळी मी मूठ मिटली. टायरवाला हसायचा, "शेठ, मूठ उघडायची नाही हो ती!" ही मूठ काय आहे हे शेठइतकं कुणालाही ठाऊक नव्हतं.

आईच्या वर्षश्राद्धाला मुलगा आला होता आणि पुढे दोन दिवस राहणार होता; शेठही श्राद्धाला जेवून गेला होता, त्याने ते ऐकलं होतं. मला सांगोल्याला चुलतभावाच्या घरी जायचं होतं. सकाळी मी स्टँडवर असताना शेठचा फोन आला.

"कुठं आहात ऑपरेटर?"

"गावाला चाललोय. संध्याकाळी येतो."

"बरं बरं. सावकाश या."

संध्याकाळी दार उघडलं तर मुलगा लहानपणी निकाल घेऊन उभा राहायचा तसा उभा. टीव्हीच्या शेजारी एक भलंमोठं नवं पोकलेन. पिवळंजर्द, चकाकतंय. अंगावर माशी बसली तर घसरावी असं.

"पप्पा, सरप्राइज! काका आले होते. बघा तरी, चेन पण फिरते, केबिनमध्ये लाइट आहे."

"जुनं कुठाय?"

"ते तुटकं? त्याच्या बदल्यात तर हे दिलं त्यांनी. मी म्हटलं एवढं महागाचं कशाला, तर म्हणाले, आवडेल तुझ्या वडिलांना. ते टॉवेल पण घेऊन आले होते, पप्पा. तुमची ती आजोबांची पद्धत. मला म्हणाले, घाल हात. मजा आली."

टॉवेल सोफ्यावर घडी करून ठेवलेला होता. भेट म्हणून.

माझं डोकं कसं फिरतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी ओरडलो. "कुणाला इचारून दिलंस? कुणाला इचारून?" शेजारची माणसं जिन्यात आली. मुलगा पांढराफटक. "पप्पा, काय होतं त्यात एवढं? मी दुसरं आणून देतो ना, कुठलं पाहिजे सांगा." माझ्या तोंडात शब्द आला होता. त्याच्याकडे बघितलं. त्याचं नाक तिच्यासारखं आहे. आणि मी शब्द गिळला. मी सांगितलं असतं तर आईच्या श्राद्धाला येऊन आपण काय करून बसलो हे ओझं त्याने जन्मभर वाहिलं असतं. अजून सांगितलेलं नाही. तो मराठी वाचत नाही फारसं, म्हणून इथे लिहू शकतो.

तसाच कारखान्यावर गेलो. माग धडधडत होते. आत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्याला हाताला धरून अंगणात आणला.

"या की ऑपरेटर, चहा सांगतो."

"चहा घाल चुलीत. मशीन दे माझं."

"तुमचं? सौदा झाला की. पोराने पंजा दिलाय."

"पोराला काय माहीत?"

"ते मी काय बघायचं? पद्धत तुमची. पंजात पंजा, मग मागं फिरायचं नाही. तुम्हीच सांगायचात ना? टायरवाल्या साहेबांचा रोलर तुम्ही असाच नेलात, तेव्हा ते किती गयावया करत होते. तुम्ही दिला का माघारी?"

नव्हता दिला. पण टायरवाला स्वतःचा मालक होता, स्वतःच्या हाताने पंजा दिला होता. मी त्याच्या पोराला घरात एकटं गाठलं नव्हतं.

"मशीन आण," मी म्हणालो. "तुझं नवं परत घे. माझ्या कपाटातली सगळी घे. किल्ली देतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता बोललो, आणि ते त्याला कळलं. त्याने नजर खाली केली.

"नाही हो माझ्याकडं. हैदराबादच्या एका माणसाशी माझं आधीच ठरलं होतं. त्याला असं हाताने केलेलं पाहिजे होतं. त्याची क्रेन मला. दुपारच्या गाडीने पाठवलं पण."

म्हणजे त्याने माझं मशीन माझ्या घरातून नेण्याआधीच दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

"तसंच पाठवलं?"

"तसं कसं? धुऊन दिलं. सगळी माती की हो. त्याला साफ पाहिजे होतं."

"आणि सीट?"

"सीटवर चिंधी होती ती धुताना सुटली. खाली ओरिजिनल सीट चांगली निघाली."

"चिंधी कुठाय?"

त्याने अंगणाच्या कोपऱ्याकडे बघितलं.

ज्यांनी टॉवेलचा कारखाना बघितलेला नाही त्यांना सांगतो. दिवसभर मागांखालून सूत, कातरलेल्या किनारी, तुटके धागे झाडून काढतात आणि अंगणाच्या कोपऱ्यात ढीग करतात. हिरवे, तांबडे, गुलाबी, सगळे रंग. संध्याकाळी वेस्ट नेणाऱ्याचा टेम्पो येतो. माझ्या डोळ्यासमोर तिथे गुडघ्याएवढा ढीग होता. मी त्यात बसलो. पाठ वाकत नाही माझी, म्हणून फतकल मारून बसलो आणि दोन्ही हातांनी उपसायला लागलो. तांबडा धागा दिसला की उचलायचो, उजेडाकडे धरायचो, टाकायचो. तांबडे धागे मुठी-मुठीने निघत होते. दोन कामगार येऊन उभे राहिले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय पडलंय मामा? अंगठी का?" मी म्हणालो, व्हय. तोही माझ्याबरोबर बसला. बराच वेळ शोधून तो हळूच म्हणाला, "पण मामा, टेम्पो मघाशीच येऊन गेला की. हे त्याच्या नंतरचं हाय."

ढीग बघितल्याबरोबर मला ते कळलं होतं. आयुष्यभर ढीग उपसलेत मी, ताजा कुठला आणि शिळा कुठला ते मला कळतं. तरी उपसत राहिलो.

शेठने नंतर टायरवाल्याच्या हाती हैदराबादच्या माणसाचा निरोप पाठवला. परत देणार नाही म्हणाला तो. वर त्याने फोटोही पाठवला होता. नवा पिवळा रंग मारलेला. पत्रा काढून काच बसवलेली. बकेटवरच्या ठिगळात पुटी भरून ते सपाट केलेलं, डावीकडचंच. दोन्ही चेन सारख्या काळ्या. आता ते परत आलं तरी मी काय करू? ते कुणाचंही मशीन आहे. मी तेव्हा फोन टायरवाल्याच्या हातात परत दिला आणि घरी आलो.

मी दुसरं करून बघितलं. तसंच मोडकं पोकलेन मिळवलं, तसाच मुरूम आणला. ठिगळ लावलं, पत्रा लावला. सीटपाशी येऊन थांबलो. कापड कशाचं घेणार? बाजारात इरकल ढिगाने मिळतं. पण सुई कोण धरणार? ते अर्धवट मशीन खोक्यात आहे. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कुठे ठेवली ते मला आठवत नाही. लोकांची मोडकी मशीनं यायची, ती आता घेत नाही. हातातून चिमटा पडतो.

रविवारी अंगणात ते सगळे अजून जमतात. टायरवाला, सर, सगळे. मला वाटलं होतं निदान एक जण तरी उठून जाईल. सर एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, "सोडून द्या. त्याचंही चुकलं, पण नियम म्हणजे नियम. पोराने पंजा दिला." मी म्हणालो, "सर, तुम्ही जन्मभर पोरं शिकवली. पोराने दिलेला पंजा चालतो?" ते म्हणाले, "तुमचा मुलगा तीस वर्षांचा आहे हो." सगळ्यांकडे उत्तर आहे. मुलगा दर आठवड्याला फोन करतो, नवीन मशीन आवडलं का विचारतो. मी हो म्हणतो. ते सोफ्याखाली आहे.

मला आता काही परत मिळणार नाही. मिळण्यासारखं काही राहिलेलंच नाही, हे मला माहीत आहे, म्हणून मी कुणाकडे काही मागत नाही. फक्त एक सोडून.

शेठ, तू मराठी वाचतोस. तुझा टॉवेल माझ्याकडे आहे, घडीसकट. वडिलांची सगळी पद्धत तुला पाठ होती. पंजा पाठ होता, मूठ पाठ होती, त्यांचा आवाजसुद्धा पाठ होता. माझ्या पोरापुढे तू टॉवेल पसरलास, पण त्याच्या आधीचा प्रश्न तू गिळलास. तो विचारला असतास तर पोराने मला फोन केला असता. तू विसरला नव्हतास. तू विसरलेला असतास तर आधी मी कुठे आहे ते फोन करून विचारलं नसतंस. तर ये, माझ्यासमोर बस. टॉवेलाखाली नको, उघड्यावर, चारचौघांत सांग: घरी विचारलंस का, एवढं तू का विचारलं नाहीस? उत्तर दे.